सिंगल स्पीड ई-सायकलचा गिअर रेशो बदलताना: किती दाते, कुठले आणि कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकलला २६ इंची चाकं, मागच्या चाकात हब मोटर, पुढे पेडलपाशी ४४ दात्यांचं चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती). ताशी २५ किमीच्या आसपास पाय नुसतेच गरगर फिरतात, पेडलला जोर लागतच नाही. पुढे ५२ दात्यांचं चेनरिंग टाकलं तर भागेल का? सायकल आणखी जोरात पळेल का? आणि मोटरवर ताण येईल का?

शेवटच्या दोन शंका आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यांवर उभं आहे. हब मोटर चाकाच्या आत बसलेली असते आणि ती चाकच फिरवते. तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये चेन कुठेच येत नाही. मोटर किती वेगाने फिरेल हे तिचं वाइंडिंग, बॅटरीचा व्होल्टेज आणि कंट्रोलरमध्ये घातलेली मर्यादा ठरवतात. त्यामुळे तुम्ही पुढे ५२ लावा किंवा ६० लावा, मोटरचा कमाल वेग जिथे होता तिथेच राहतो. डिस्प्लेमधलं चाकाच्या मापाचं सेटिंगही बदलावं लागत नाही. हब मोटरचा स्वतःचा रेशो बदलतो तो फक्त चाकाचा व्यास बदलला तर. म्हणजे हा सगळा उद्योग तुमच्या पायांसाठी आहे, मोटरसाठी नाही. मोटरवर थेट ताण येत नाही. आडवाटेने मात्र येऊ शकतो, तो कसा ते पुढे सांगतो. मोटर पेडलच्या जागी, म्हणजे मधोमध असेल तर गणित वेगळं. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

दाते मोजायला बसण्याआधी एक तपासणी करा. सपाट रस्त्यावर, नेहमीच्या असिस्ट लेव्हलवर (मोटरच्या मदतीच्या पायरीवर), नेहमीच्या वेगाने पेडल मारत असताना मागच्या चाकाकडे कान द्या. पेडल मारत असूनही फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज येत असेल, तर तुमच्या पायांचा वेग चाकापर्यंत पोचतच नाही. फ्रीव्हील तुम्हाला मोकळं सोडून पुढे निघून गेलेलं आहे आणि सायकल पूर्णपणे मोटर ओढते आहे. केडन्स सेन्सर असलेल्या सायकलींत हे सर्रास होतं. पेडल फिरतंय एवढंच त्या सेन्सरला कळतं. जोर लागतो आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे पाय हलवत राहिलं की मोटर चालू राहते आणि चालवणाऱ्याला वाटतं की गिअर फार हलका आहे.

टिकटिक येत असेल तर असिस्ट एक किंवा दोन पायऱ्या खाली आणून तोच रस्ता पुन्हा चालवून बघा. पुष्कळदा तक्रार तिथेच संपते: वेग २० ते २२ वर येतो, पायाला भार लागतो आणि बॅटरीही जास्त पुरते. मला २५ नेच जायचंय आणि त्या वेगाला पायही कामाला लागायला हवेत, असं असेल तर मात्र दाते बदलणं रास्त आहे. टॉर्क सेन्सरवाल्या सायकलीला ही फसगत होत नाही, कारण पायाचा जोर कमी झाला की तिथे मोटरही हात आखडता घेते. अशा सायकलीवर पाय गरगरत असतील तर रेशो खरंच हलका आहे.

आता हिशेब. पुढचे दाते भागिले मागचे दाते म्हणजे रेशो. त्याला टायरच्या परिघाने गुणलं की पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते मीटरमध्ये मिळतं. मी नेहमी मीटरमध्येच बोलतो, कारण नुसत्या दात्यांवरून दोन सायकलींची तुलना करता येत नाही. २६ बाय १.९५ टायरचा परीघ सुमारे २.०५ मीटर धरा. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४, एका फेऱ्यात जवळपास ५ मीटर. ताशी २५ किमी म्हणजे मिनिटाला ४१७ मीटर. तेव्हा या सायकलीवर २५ च्या वेगाला मिनिटाला ८३ फेरे मारल्याशिवाय पाय चाकाला गाठूच शकत नाहीत, आणि काही जोर द्यायचा असेल तर त्या ८३ वर टिकून राहावं लागतं. सराव असलेल्या सायकलस्वाराला ८३ अगदी सहज वाटतात. कामाला जाता-येता सायकल वापरणारी बहुतेक माणसं ६० ते ७५ फेऱ्यांत रमतात. ७० फेऱ्यांना या सायकलीचा वेग होतो ताशी २१. म्हणजे २१ च्या वर पाय हवेत फिरतात ही तक्रार कल्पनेतली नाही, आकड्यांतही ती तशीच दिसते.

तुमचे स्वतःचे फेरे किती ते मोजून घ्या. सवयीच्या वेगाने जाताना उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं. हे सपाटीवर, वारा पडलेला असताना आणि फ्रीव्हीलची टिकटिक येत नसताना मोजा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. मोटर बंद करून मोजलंत तर उत्तमच.

याच मापाच्या चाकावर आणखी काही जोड्या बघा. ४४ आणि १६ घेतले तर रेशो २.७५, एका फेऱ्यात ५.६ मीटर, २५ च्या वेगाला ७४ फेरे. ४६ आणि १६ ला रेशो २.८८, ५.९ मीटर, ७१ फेरे. ४८ आणि १६ म्हणजे बरोबर ३, ६.१५ मीटर, ६८ फेरे. ५२ आणि १६ म्हणजे ३.२५, ६.७ मीटर, ६३ फेरे. आणि तुम्ही विचारलेली जोडी, ५२ आणि १८? रेशो २.८९. म्हणजे ४६ आणि १६ च्या जवळपास तंतोतंत. एवढं थोरलं चेनरिंग लावून जे मिळणार, तेच मागचे दोन आणि पुढचे दोन दाते इकडचे तिकडे केले तरी मिळतं.

चेनरिंगवरच्या एका दात्याने रेशो साधारण सव्वादोन टक्के हलतो, फ्रीव्हीलवरच्या एका दात्याने सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून मोठा फरक मागे करायचा आणि बारीक जुळवणी पुढे. सिंगल स्पीडवर एका वेळी १० ते १५ टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये असं माझं मत आहे. १८ चं १६ केलं की साडेबारा टक्के होतात, आणि बऱ्याच जणांना ते पुरतं.

दुसऱ्याच्या सायकलीवरचे दाते बघून आपले ठरवू नका. २० इंची चाकाच्या घडीच्या सायकलीवर ५२ आणि १४ ची जोडी दिसते. ऐकायला ती राक्षसी वाटते, पण १.५२ मीटर परिघावर तिचे ५.६५ मीटर होतात, म्हणजे २६ इंचीवरच्या ४४ आणि १६ इतकेच. जाड फॅट टायरवाल्या २० इंचीचा परीघ पुन्हा वेगळा. टायरवर खडूने खूण करा, सायकलवर बसून जमिनीवर एक फेरा पुढे न्या आणि टेपने अंतर मोजा. कुठल्याही तक्त्यापेक्षा हे माप जास्त विश्वासाचं.

रेशो वाढवला की दुसऱ्या टोकाला काय होतं हे कोणी विचारत नाही, आणि पश्चात्ताप तिथेच होतो. सिंगल स्पीडवर माघार घ्यायला दुसरा गिअर नसतो. केडन्स सेन्सरला पेडल थोडं फिरल्याशिवाय मोटर सुरूच करता येत नाही. तेवढा वेळ थांबलेली, वीस-बावीस किलोची सायकल तुम्ही एकट्याने हलवत असता. सपाटीवर ते जाणवत नाही. चढावर सिग्नलला थांबून निघताना नेमकं जाणवतं. थ्रॉटल असेल तर ही अडचण सुटते.

आणि बॅटरी संपली तर? हा हिशेब मी प्रत्येकाला करायला लावतो. चालवणारा ७५ किलोचा, सायकल आणि सामान धरून एकूण १०० किलो. चढ ६ टक्के, म्हणजे १०० मीटर अंतरात ६ मीटर उंची. सायकल खाली ओढली जाते ६ किलोच्या भाराने, त्यात टायरच्या घर्षणाचा पाऊण किलोच्या आसपास धरा, टायरपाशी ६.७ किलोचा रेटा हवा. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिमीचा आहे आणि तुम्ही पेडलवर दर वेळी ५० किलो भार देता असं समजू. क्रँक आडवा असताना जोर पुरा लागतो, उभा असताना काहीच लागत नाही, म्हणून पूर्ण फेऱ्याची सरासरी काढायची. ४४ आणि १८ वर टायरपाशी सरासरी ६.८ किलोचा रेटा मिळतो. म्हणजे जेमतेम, पण चढ निघतो. ४४ आणि १६ वर तोच रेटा ६ किलो. चढायला पेडलवर ५० ऐवजी ५६ किलो द्यावे लागतील. ५२ आणि १६ वर ५.१ किलो, आता ६६ किलो द्यावे लागतील. ७५ किलोच्या माणसाने प्रत्येक पेडलवर ६६ किलो देणं म्हणजे सीटवरून उठून जवळजवळ सगळं वजन टाकणं, आणि तेही चढ संपेपर्यंत. तुमच्या रोजच्या वाटेत असा चढ असेल तर बॅटरी संपलेल्या दिवशी तुम्ही सायकल हातात धरून चालणार. वाट सपाट असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

मोटरवर आडवाटेने येणारा ताण हाच. चढावर वेग १२ ते १४ वर उतरतो, जड रेशोमुळे तुमचे फेरे पस्तीस-चाळीसवर येतात, पाय थकतात आणि नकळत सगळा भार मोटरवर जातो. हब मोटर कमी फेऱ्यांत जास्त करंट खेचते आणि त्यातला मोठा हिस्सा उष्णतेत घालवते. गिअरवाल्या छोट्या हब मोटरला तर ती उष्णता बाहेर टाकायलाही वाट कमी असते. हलक्या रेशोवर तुम्ही तिला तिथे निदान थोडा हातभार लावू शकता. मोटरची काळजी असेल तर चढावरचे पाय सांभाळा.

मोटर २५ वर थांबते, म्हणून रेशो एवढा वाढवतो की पायांच्या जोरावर ३२ ने जाईन, असंही काही जण ठरवतात. ताठ बसून चालवायच्या सायकलीवर, १०० किलो एकूण वजनाला, सपाटीवर २५ च्या वेगासाठी सुमारे १६० वॉट लागतात. ३२ साठी २९० च्या आसपास लागतात, कारण हवेचा विरोध वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. आणि २५ च्या वर मोटर बाजूला झालेली असते, म्हणजे ते २९० वॉट एकट्या पायांचे. ते काही मिनिटं जमेल. रोजच्या वापराचा रेशो त्यासाठी निवडू नये. उतारावर पाय थांबवून बसावं, त्यात काही बिघडत नाही.

तर या प्रश्नापुरता माझा सल्ला: पुढचं ४४ तसंच ठेवा आणि मागे १६ चं फ्रीव्हील लावा. वाट पूर्ण सपाट असेल आणि महिनाभराने अजून हलकं वाटलं तर पुढे ४६ करा. ५२ च्या वाटेला जाऊ नका. ५२ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या ४४ पेक्षा १६ मिमीने जास्त असते, आणि पुष्कळ फ्रेममध्ये चेनरिंग आणि मागची आडवी नळी यांच्यात एवढी मोकळी जागाच नसते. शिवाय चेन वाढवावी लागते आणि चेनगार्ड बसत नाही. फ्रीव्हीलमध्ये १६ च्याही खाली जायचा मोह होईल, पण नेहमीच्या मोठ्या आट्यांवर सिंगल फ्रीव्हील साधारण १६ पर्यंतच मिळतं. १४ दात्यांची फ्रीव्हील लहान, ३० मिमीच्या मेट्रिक आट्यांची असतात. ती तुमच्या हबवर बसणार नाहीत. काही मोटरींना आट्यांऐवजी खाचांची कॅसेट बॉडी असते. तिच्यावर सुटी चकती आणि लॉकरिंग बसतं आणि ११-१२ दात्यांपर्यंत जाता येतं. चाक काढण्याआधी आपल्याकडे कुठला प्रकार आहे ते नीट बघून घ्या.

चेनच्या लांबीचं गणित मला फार आवडतं, कारण त्यातून निम्मी मेहनत वाचते. चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. चेन पुढच्या आणि मागच्या चकतीचा निम्मा निम्मा वेढा घेते. त्यामुळे दोन्हीकडचे मिळून दोन दाते कमी-जास्त झाले की एका कडीचा फरक पडतो. ती कडी काढायची नसेल तर मागचा एक्सल ६.३५ मिमी सरकवून तेवढा फरक भरून निघतो. म्हणजे दात्यामागे ३.२ मिमी. १८ चं १६ केलं की चाक साडेसहा मिमीच्या आत मागे जातं. ड्रॉपआउट, म्हणजे फ्रेमची एक्सल बसायची खाच, आडवी असेल तर एवढी जागा बहुतेक असतेच, आणि जुनीच चेन चालते. ४४ आणि १८ वरून ४६ आणि १६ केलं तर दात्यांची बेरीज ६२ च राहते. चाक जवळपास जागचं हलतसुद्धा नाही. ५२ आणि १८ ला मात्र आठ दाते वाढतात: चार कड्या जोडा, नाहीतर चाक एक इंच पुढे घ्या, आणि ते टायर-मडगार्डमुळे शक्य नसतं.

मागे जागा उरत नसेल तर चेनमधून एक जोडी, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, काढावी लागते. मग चाक १२.७ मिमी पुढे येतं. नेमकी एकच कडी कमी-जास्त करायची असेल तर हाफ लिंक नावाची तिरकी कडी मिळते. उभ्या खाचेच्या ड्रॉपआउटला चाक सरकतच नाही, तिथे स्प्रिंगचा चेन टेन्शनर लागतो. हाफ लिंक आणि दात्यांची जोडी जुळवून टेन्शनरशिवाय बसवता येतं खरं, पण चेन झिजून लांब झाली की पुन्हा सैल पडते, म्हणून त्या भानगडीत मी पडत नाही.

चाक मागे-पुढे झालं की ब्रेककडे बघावंच लागतं. रिम ब्रेकचे रबर रिमच्या पट्टीवर बरोबर मधोमध येतात का ते पाहा; टायरला घासत राहिले तर टायरची बाजू कापली जाते. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, फ्रेमला पक्का असेल आणि चाक सहा मिमी सरकलं, तर पॅडचा काही भाग डिस्कच्या बाहेर जातो किंवा डिस्कच्या आऱ्यांवर येतो. पॅड अर्धाच झिजतो आणि ब्रेक लागायला उशीर होतो. कॅलिपर ड्रॉपआउटसोबत सरकणारा असेल तर ही अडचण येत नाही. डिस्कवर ब्रेक दाबून पॅडची खूण कुठे उमटते ते बघितल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.

खरेदी करताना रुंदी विचारा. सिंगल स्पीडची चेन १/८ इंची असते किंवा ३/३२ इंची. १/८ ची चेन दोन्ही प्रकारच्या चकत्यांवर चालते. ३/३२ ची चेन १/८ च्या जाड दात्यांवर बसत नाही. जुनी चेन ठेवणार असाल तर पट्टीने मोजा. चेन ताणून धरून २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदलायच्या वेळेला आली आहे, १/८ जास्त असेल तर तिने चेनरिंगही खाल्लेलं असणार. झिजलेली चेन नव्या फ्रीव्हीलवर घालू नका. आवाज येतो, जोर दिला की चेन दात्यांवरून उडी मारते आणि नवं फ्रीव्हील बघता बघता जुनं होतं. सोळा दात्यांवर झीज अठरापेक्षा लवकर होते हेही धरून चाला.

आता काम. बॅटरी काढून बाजूला ठेवा. मोटरची वायर जिथे जोडली आहे तिथे जोडावरच्या बाणांच्या खुणा बघून सरळ ओढून सोडवा, पिळू नका. नट उघडण्याआधी एक्सलच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा: कुठला वॉशर आत, कुठला बाहेर, हुक असलेला वॉशर कुठल्या दिशेला. टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून लावलेली पट्टी) असेल तर तिचाही. हे वॉशर उलटसुलट बसले तर जोर घेताना एक्सल ड्रॉपआउटमध्ये फिरतो, वायर पिळून तुटते आणि मोटर जाते. या सगळ्या कामात मोटरला खरा धोका तेवढाच आहे.

फ्रीव्हील काढायला त्याच्या तोंडावरच्या खाचांमध्ये बसणारं टूल लागतं. खाचा दोन असतात किंवा चार. हब मोटरचा एक्सल साध्या एक्सलपेक्षा जाड असतो, म्हणून टूलचं भोक त्यावरून जाईल एवढं मोठं हवं. वायर फ्रीव्हीलच्या बाजूने बाहेर येत असेल तर कनेक्टरही त्यातून जायला हवा. नाही गेला तर वायर कापून जोडण्यापेक्षा मागचं तसंच ठेवून पुढचं चेनरिंग बदलणं शहाणपणाचं. टूल खाचेत बसवलं की एक्सलचा नट त्याच्यावर हलका टेकवा, म्हणजे जोर देताना टूल उचकटत नाही. आटे उजवे असतात, त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतं. पण पेडल मारताना ते दर वेळी आवळलंच जात असल्याने हाताच्या पान्याने बहुधा दाद देत नाही. टूल व्हाइसमध्ये (टेबलाला लावलेल्या शिकंज्यात) पक्कं धरा आणि चाक दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं. त्याच क्षणी थांबून नट काढा, नाहीतर नट आणि फ्रीव्हील एकमेकांत अडकतात.

खाचाच तुटल्या तर घाबरू नका, फ्रीव्हील तसंही टाकून द्यायचंच आहे. त्याच्या तोंडावरच्या रिंगला उलटे आटे असतात, ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ठोकून उघडायची. आतले छर्रे आणि खटके बाहेर पडतील, बाहेरची दातेरी चकती निघेल. मग राहिलेला आतला गाभा व्हाइसमध्ये धरून काढायचा.

नवं फ्रीव्हील लावण्याआधी आटे पुसून ग्रीस लावा. मोटरचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावरचे आटे तिरके बसले की गेले. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच, आधी थोडं उलटं फिरवून मग सुलटं. अडकलं तर काढून पुन्हा. पुढे पान्याने आवळायची गरज नसते, पेडल मारताना ते आपोआप बसतं. नंतर एक गोष्ट आवर्जून बघा: लहान फ्रीव्हीलवर चेन मोटरच्या झाकणाच्या जास्त जवळून जाते. झाकणाच्या स्क्रूंना घासत असेल तर फ्रीव्हीलच्या मागे पातळ स्पेसर टाका. मागून एका डोळ्याने बघितल्यावर चेन सरळ रेषेत दिसायला हवी. एक-दोन मिमीचा फरक चालतो.

उभ्या खाचेत एक्सल तळाशी पूर्ण टेकवून, आडव्या खाचेत चेनच्या ताणाला जुळेल तिथे चाक सरळ ठेवून, वायरला खालच्या बाजूने थोडी ढील देऊन, नट आवळा. साधारण ४० न्यूटन-मीटर, उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तो. वायर खाली वळण घेऊन वर जायला हवी, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत एक्सलमध्ये न जाता खाली गळतं.

पुढचं चेनरिंग बदलायचं असेल तर आधी ते बोल्टने बसलंय की क्रँकला रिव्हेट केलंय ते बघा. रिव्हेट असेल तर क्रँकसकट बदलावं लागतं. बोल्टचं असेल तर बोल्टच्या वर्तुळाचा व्यास जुळायला हवा. चार बोल्टचे बहुधा १०४ मिमीचे असतात, पाच बोल्टचे ११० किंवा १३० चे. क्रँक काढताना पुलर (क्रँक ओढून काढायचं टूल) पूर्ण आत पिळल्याशिवाय जोर देऊ नका, ॲल्युमिनियमचे आटे एका झटक्यात निघून येतात. आणि क्रँकच्या मागे पेडल सेन्सरची लोहचुंबकं असलेली चकती असते, तिला पाना लागू देऊ नका. ती आणि सेन्सर यांच्यातलं अंतर दोन-तीन मिमीच्या पुढे गेलं तर नंतर मोटर अधूनमधून बंद पडते, आणि दोष बॅटरीत शोधला जातो.

मिड ड्राइव्हवाल्यांसाठी: तुमची मोटर चेनमधूनच चाक फिरवते, त्यामुळे रेशो तिलाही लागू. रेशो साडेबारा टक्क्यांनी वाढवला तर त्याच टॉर्कला चाकापाशी मिळणारा जोर साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो आणि चढावर मोटर कमी फेऱ्यांत कुंथते. अशा सायकलीवर मी रेशो वाढवण्यापेक्षा थोडा हलकाच ठेवेन, आणि फ्रीव्हील चांगल्या प्रतीचं घेईन, कारण मोटर आणि पाय दोघांचा जोर त्याच्या एवढ्याशा खटक्यांवर येतो. चेनऐवजी बेल्ट असेल तर कड्या काढणं-जोडणं हा प्रकारच नाही. बेल्ट ठरावीक लांबीतच मिळतो. तेव्हा पुली बदलायच्या आधी नवी जोडी जुन्या बेल्टवर किंवा मिळणाऱ्या लांबीच्या बेल्टवर बसते का याचा हिशेब करून मगच पैसे टाका.

सगळं बसल्यावर चेनचा ताण एकाच जागी बघून सोडू नका. चेनरिंग क्वचितच अगदी गोल आणि केंद्रात असतं. क्रँक हळूहळू पूर्ण फिरवा, चेन जिथे सगळ्यात ताठ होते ती जागा शोधा, आणि तिथे मधोमध बोटाने दाबल्यावर वरखाली मिळून सेंटिमीटरभर हलेल इतका ताण ठेवा. ताठ आणि सैल जागांमध्ये फार फरक असेल तर चेनरिंगचे बोल्ट थोडे सैल करा, ताठ जागेवर चेनला हलकेच टपली मारून चेनरिंग केंद्रात आणा आणि पुन्हा आवळा. गिटारच्या तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंग खाते. फार सैल असेल तर खड्ड्यात उतरते.

पहिली चाचणी मोटर बंद ठेवून घ्या. उभं राहून दोन-चार वेळा जोरात पेडल मारा, म्हणजे फ्रीव्हील आट्यांवर पूर्ण बसेल. ते बसताना किंचित आत सरकतं, त्यामुळे चेनची रेषा आणि ताण त्यानंतर पुन्हा बघावे लागतात. मग असिस्टसह नेहमीच्या वाटेवर जा आणि परत आल्यावर एक्सलच्या नटांना पाना लावा. आठवडाभराने पुन्हा एकदा लावा.